माझा अनुभव : विंडो एसी, कागदोपत्री दोनदा बसवलेला

एसी निवडणं, ऑर्डर, डिलिव्हरी सगळं दोन दिवसांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. इन्स्टॉलेशनवाला मुलगा आला, खोकं न उघडताच खिडकीला मोजायची टेप लावली आणि म्हणाला, "मॅडम, साइट रेडी नाहीये." म्हणजे ग्रील कापलेलं नाही, फ्रेम नाही. मग तुम्ही करणार काय? तर म्हणे आम्ही फक्त मशीन आत सरकवून चालू करून देतो. भोक हे कुणाचंच काम नसतं हे मला तेव्हा कळलं. जाता जाता म्हणाला, व्हिजिट झाली, तेवढा ओटीपी द्या. आणि मी दिला! तो जिना उतरतोय तोवर मेसेज हजर : तुमचं इन्स्टॉलेशन यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे, किती स्टार द्याल?

पुढचे आठ दिवस एसी हॉलमध्ये खोक्यात, खोक्यावर इस्त्रीचे कपडे आणि मी फोनवर. "मॅडम, आमच्याकडे कम्प्लीट दाखवतंय." अहो, खोक्याची पट्टीसुद्धा कापलेली नाही. "मग रिपेअरची कम्प्लेंट टाकू का?" टाका बाबा. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच बाईंचा फोन, मशीन कूलिंग करत नाहीये का? प्लग लावून बघितला का? फिल्टर धुतलात का? खोक्याचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, फोटोत सिरीयल नंबर दिसत नाहीये. त्या दिवशी मी खरंच ओरडले, आणि मग फोनवरच्या त्या बिचाऱ्या मुलीचंच वाईट वाटलं. शेवटी पाचव्या की सहाव्या कॉलला एकाने इन्स्टॉलेशनची जुनी रिक्वेस्ट पुन्हा उघडून दिली. तेवढंच करायचं होतं!

तोवर फॅब्रिकेटरकडून, म्हणजे वेल्डिंगवाल्याकडून, ग्रील कापून लोखंडी अँगलची फ्रेम करून घेतली. त्याला माप मॅन्युअलमधलंच द्या, अंदाजाने नको. माझा दीड टनाचा साधारण 66 सेंटिमीटर रुंद, 43 उंच आहे आणि वजन 50 किलोच्या वर, त्यामुळे फ्रेम लेचीपेची चालत नाही. हो, आणि वायरिंग त्याच्याही आधी : 16 अँपिअरचा पॉइंट, मेन बोर्डापासून थेट स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्डावर चालवायचा विचारही करू नका.

दुसऱ्यांदा आलेले काका मात्र जाणकार निघाले. अर्धी भरलेली पाण्याची बाटली एसीवर आडवी ठेवली, पाणी कुठे झुकतं ते बघितलं आणि मागच्या बाजूला किंचित उतार दिला, नाहीतर पाणी घरात गळतं. बाजूच्या हवेच्या जाळ्या भिंतीत अडकू नयेत म्हणून एसी चार बोटं आणखी बाहेर सरकवला, फटीत फोम कोंबला. चालू केल्यावर मागून छपछप आवाज यायला लागला, मी घाबरले, तर म्हणाले मागचा पंखाच साचलेलं पाणी गरम कॉइलवर उडवतो, तसंच असतं ते.

मग ओटीपी आला. मी म्हटलं काका, थांबा जरा. दोघंही खुर्च्या टाकून बसलो, थंड हवा आली, मग खिडकीतून वाकून मागच्या नळीतून पहिला थेंब बाहेर पडताना बघितला आणि मगच चार आकडे सांगितले.