आमची वाटचाल : जिन्याखालचं दुकान

आमच्या दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. सांगलीच्या गावभागात विचारलंत तर "क्लासच्या जिन्याखाली" एवढंच सांगतील, आणि ते खरंच आहे. वर गायन-वादनाचा वर्ग, खाली आम्ही. उंच गिऱ्हाइकाच्या डोक्याला पहिल्या खेपेस लागतं, दुसऱ्या खेपेपासून तो आपोआप वाकतो. पेट्या (हार्मोनियम), तबले, तंबोरे दुरुस्त करायचे, थोडे विकायचे आणि शिकणाऱ्या मुलांना भाड्यानं द्यायचे, हा आमचा धंदा. २००३ च्या दसऱ्याला सुरू केला.

मी वाजवणारा नाही. घडवणाराही अर्धाच. दहावी नापास झाल्यावर वडिलांनी मिरजेला सतारमेकर गल्लीत एका चाचांकडे नेऊन बसवलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे, ते भिजवायचे, आतून खरवडायचे. पहिलं वर्ष मी दुसरं काही केलं नाही. तार हातात मिळाली दुसऱ्या वर्षी, जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासकामाला, हात लावायला मिळाला पाचव्या वर्षी. घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की सपाट सूर एकदम कसा उघडतो, ते चाचा न बोलता दाखवायचे. उरुसात मीरासाहेब दर्ग्यात गाण्याची सभा असते, तिथं आम्हाला हक्काची जागा, कारण तंबोरे आमच्याकडचे. गाणं कळत नव्हतं. तंबोरा उतरला की मात्र कळायचं.

पुढं दोन वर्षं पुण्यात पेटीचं काम शिकलो आणि परत आलो तेव्हा खिशात पैसे नव्हते, पिशवीत कानशी होत्या. वरच्या वर्गाच्या बाईंनी जिन्याखालची जागा दाखवली. तिथं तेव्हा सायकली आणि जुनी रद्दी होती. भाडं विचारलं तर म्हणाल्या, "भाडं नको. वरच्या पेट्या सुरात राहिल्या पाहिजेत, तेवढं बघ." मला वाटलं, फुकटात पडली जागा. वर नऊ पेट्या होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: साडेतीन सप्तकांच्या पेटीला बोटांनी दाबायच्या ४२ पट्ट्या, दुहेरी सुरांची असेल तर आत पितळेचे ८४ सूर, म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या जिभा. तो प्रत्येक सूर कानशीनं लावायचा. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. जास्त घासलं गेलं तर सूर वाया. आणि आठ-नऊ वर्षांची पोरं भाता असा मारतात की सायकलमध्ये हवाच भरतायत. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा कळलं की भाडं दिलेलं परवडलं असतं.

पण त्या अटीनं आम्हाला जे दिलं ते भाड्याच्या जागेत मिळालं नसतं. माल विकून विसरता येत नव्हतं. दुरुस्त केलेली पेटी संध्याकाळी चारला डोक्यावर वाजायला लागायची, ती रोज ऐकावी लागायची.

दुकानाचं वेळापत्रकही वर्गानंच ठरवलं. बुधवार-शनिवार वर तबला. पंधरा पोरं एकदम "धा धिं धिं धा" सुरू करतात, तेव्हा खाली सूर लावणं अशक्य. दोन सूर जुळवताना त्यांच्यातलं डोलणं ऐकायचं असतं. ते मंद मंद होत थांबलं की सूर मिळाला. म्हणून आम्ही पेटीचं काम सकाळी सात ते दहा करतो, दुपारनंतर तबल्याच्या वाद्या (चामड्याचे पट्टे) ओढणं, पुड्या (तोंडावरचं कातडं) बदलणं, भात्याला कातडं लावणं. आजही तसंच.

पहिल्या वर्षी बाईंशी माझं भांडण झालं ते गंधारावरून, म्हणजे 'ग'वरून. मी नऊही पेट्या लावून दिल्या, यंत्रावर तपासल्या, काटा बरोबर मध्यावर. दुसऱ्या दिवशी बाई जिना उतरून आल्या. "तुझ्या पेटीचा गंधार चढा आहे." मी यंत्र दाखवलं. त्यांनी यंत्राकडे बघितलंही नाही. मला वर नेलं, तंबोरा छेडला आणि म्हणाल्या, "खर्जाच्या तारेत ऐक." खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार नीट लागली असेल तर तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. मिरजेत सात वर्षं काढून मी तो कधी मुद्दाम ऐकला नव्हता. मग पेटीचा गंधार वाजवला. किंचित चढा, पण चढाच. चूक माझी नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, म्हणजे कुठल्याही पट्टीतून, कुठलाही सूर 'सा' धरून, गाता येतं, पण त्या वाटणीत गंधाराला थोडं सोसावं लागतं. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं, त्या वादाच्या मुळाशी हेही होतं. बाईंनी पेटी बंद केली नाही. पण मुलांना गंधार तंबोऱ्यावरून घ्यायला लावतात, पेटीवरून नाही. आणि माझ्याकडून दोन पेट्या काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला, षड्ज ('सा') धरून खास लावून घेतल्या, त्या फक्त मुलींच्या वर्गात. त्या पेट्यांवर दुसऱ्या पट्टीत गायला बसलं तर वाट लागते. एकदा पाहुणे वादक तीच पेटी घेऊन काळी एकमध्ये बसले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

आता आमची सगळ्यात मोठी चूक सांगतो. २००९ साली धंदा वाढवायच्या हौसेनं मी एका घाऊक व्यापाऱ्याकडून वीस स्वस्त पेट्या आणल्या. पालक विचारायचे, "काका, सुरुवातीला साधीच द्या, शिकला तर पुढं चांगली घेऊ." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही, आणि ऐकायला ते शहाणपणाचंच वाटतं. वीसच्या वीस जूनच्या आत खपल्या. मग पाऊस लागला. पट्ट्या फुगून अडकायला लागल्या, भाते गळायला लागले, सूर तर मुळातच घाईत लावलेले. गुरुपौर्णिमेच्या आधी बाईंनी त्यातल्या चौदा मागवून घेतल्या आणि जिन्याच्या चौदा पायऱ्यांवर एकेक मांडून ठेवल्या. मी दुकान उघडायला आलो तर समोर ही आरास. बाई वरच्या पायरीवर.

"ही मुलं घरी रोज अर्धा तास या पेटीवर बसतात. माझ्याकडे आठवड्यात दोन तास. कान कोण तयार करतंय, तू की मी?"

मी उत्तर दिलं नाही. पेट्या परत घेतल्या, पैसे परत दिले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवाव्या लागल्या, त्या सोडवायला तीन वर्षं गेली. घाऊक व्यापाऱ्यानं काही परत घेतलं नाही. त्याचा माल, त्याच्या अटी, मीही नीट वाचल्या नव्हत्या.

भाड्याची कल्पना त्या चौदा पायऱ्यांवरच सुचली. नवशिक्याला चांगलं वाद्य परवडत नाही, आणि वाईट वाद्यावर तो शिकत नाही, मग बाप म्हणतो, याला गळाच नाही. म्हणून आम्ही चांगल्या जुन्या पेट्या विकत घ्यायला लागलो. कीर्तनकारांच्या, बंद पडलेल्या भजनी मंडळांच्या, आजोबा गेल्यावर माळ्यावर पडलेल्या. त्यांच्यात जुने सूर मिळतात, कित्येकांत जर्मन. त्या दुरुस्त करून महिना दीडशे रुपयांनी द्यायच्या, अनामत वेगळी, दर तीन महिन्यांनी सूर तपासणी आमच्याकडून. तबल्याचंही तसंच. मोठ्या तोंडाचा खर्जातला तबला लहान हाताला आवरत नाही. सव्वापाच इंची तोंडाचा काळी एकला बसणारा तबला घ्यावा, डग्गा फार जड नको. तबल्याचे सर मुलाला दुकानात पाठवतात ते चिठ्ठीवर एवढंच लिहून : "हात बघून द्या." मी खरोखर हात बघतो. पोरांना वाटतं, काका भविष्य सांगणार.

शिक्षकांविषयी बोलायचं तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. २०१२-१३ ची गोष्ट असेल. वरच्या वर्गात एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता, बाईंचा फार आवडता. त्याचा आवाज फुटला. तार सप्तकात लीलया फिरणारा पोरगा, मध्यमावर गेला की आवाज चिरायचा. वर्गातल्या मुली हसल्या, त्यानं येणं बंद केलं. बाई त्याच्या घरी गेल्या, हाताला धरून आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं. "याला वर्षभर तुझ्याकडे ठेव. गायचं नाही. नुसतं ऐकायचं." तो शाळा सुटली की खाली येऊन बसायचा. पहिले दोन महिने एक शब्द बोलला नाही. मी त्याला सूर जुळवायला दिले, तर माझ्यापेक्षा लवकर जुळवायला लागला. एकदा मी "झालं" म्हणून सूर बसवला, तो म्हणाला, "काका, अजून डोलतोय." डोलत होता. वर्ष-दीड वर्षानं तो वर गेला, काळी एकमध्ये, नव्या मोठ्या आवाजात. गाण्यातला विशारद झाला. आता पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, दिवाळीला येतो आणि दोन दिवस माझ्या पाटावर बसून पेट्या लावतो. पगार विचारत नाही, मीही देत नाही. त्याची आई फराळाचा डबा पाठवते म्हणजे उलट मीच नफ्यात.

परीक्षेचा हंगाम हा आमचा सुगीचा काळ. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. या मंडळाचं मूळ म्हणजे गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवा. ते शिकले मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, १९३१ मध्ये वारले तेही मिरजेतच. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. माझ्या खतावणीतला निम्मा जमेचा रकाना त्या मंडळाच्या कृपेनं भरतो हे मी मोकळेपणानं कबूल करतो. प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची पोरं टाळी-खाली मोजत जिन्यावर बसलेली असतात, पुढच्या मध्यमाची मुलं ताना पाठ करत असतात, आणि त्यांचे पालक माझ्या स्टुलावर. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून गर्दी वाढली. नववीच्या जूनमध्ये येऊन विचारतात, "मार्चपर्यंत किती परीक्षा होतील?" बाईंचं उत्तर ठरलेलं : "परीक्षा होतील. गाणं होईल का, ते सांगता येत नाही." काही नाराज होऊन जातात. काही गुणांसाठी आलेली मुलं अकरावीतही येत राहतात, तेव्हा बाई मला वरूनच हाक मारून सांगतात, "हा राहिला रे!"

ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि जिन्याखालचं दुकान म्हणजे विहीर झाली. आदल्या रात्री वर्गातली मुलं, त्यांचे बाप, तबल्याचे सर सगळ्यांनी साखळी करून जमेल तेवढं वर नेलं. तंबोरे आधी न्यायचे हे बाईंनी ठरवलं. तेवीस पेट्या खाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर लाकडाचे सांधे सुटलेले, सरस विरघळलेला, भाते कुजलेले, तबल्याच्या पुड्यांचा वास तर विचारू नका. पण पितळ टिकलं होतं. आठवडाभर वर्गाच्या सतरंजीवर बसून मुलांनी जुन्या दातघासणीनं सूर घासले आणि वर्तमानपत्रावर सप्तकाच्या क्रमानं मांडले. अठराशेच्या वर सूर. एका मुलीनं प्रत्येक कागदावर सा-रे-ग-म लिहिलं होतं. त्या सुरांच्या सोळा पेट्या पुन्हा उभ्या राहिल्या.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत टाळेबंदी. वर शुकशुकाट. मोबाइलवर वर्ग सुरू झाले, पण आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे बाईंना मुलाबरोबर गाताच येईना. आणखी गंमत म्हणजे सलग वाजणारा तंबोरा त्या ॲपला गोंगाट वाटायचा, ते तो पुसून टाकायचं. कुठली खूण काढली की तंबोरा ऐकू येतो हे त्या पुण्याच्या पोरानं फोनवर शिकवलं, मग मी घरोघर फोन करून तेच सांगत बसलो. भाडं चार महिने घेतलं नाही. दोन पेट्या परत आल्याच नाहीत, ते कुटुंब गाव सोडून गेलं. वाजवत असतील तर ठीक आहे.

आज आम्ही तिघं काम करतो. ७२ पेट्या आणि ३० तबला जोड्या भाड्यावर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे, पण भोपळा खरवडायला वर्षभर बसणारं पोरगं मला गेल्या चार वर्षांत मिळालेलं नाही. बाई आता जिना उतरत नाहीत. वर्ग त्यांच्या दोन शिष्या चालवतात, बाई खुर्चीवर बसून ऐकतात, आणि गंधार चुकला की काठी फरशीवर वाजते. ती मला खाली ऐकू येते.

जागेचं भाडं अजून ठरलेलं नाही. या महिन्यात वरच्या अकरा पेट्या खाली आल्या आहेत. चार झाल्या. उरलेल्या शनिवारच्या आत द्यायच्या आहेत.