१२.५ इंची थिंकपॅडवर १७०८ बाय ९६०: शिरोरेखेने ठरवलेलं स्केलिंग

मंडळी, मागे म्हटलं होतं की माझ्या जुन्या लॅपटॉपवर, एक्स२२० वर, स्क्रीनवर जास्त जागा मिळावी म्हणून काहीतरी करतेय, तर आता तीन आठवडे रोज वापरून झाल्यावर लिहितेय, कारण पहिल्या दोन दिवसांत जे वाटलं होतं त्यातलं अर्धं चुकीचं निघालं.

मशीन तेच, २०११ चं थिंकपॅड एक्स२२०, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेलं, आयपीएस पॅनल, १२.५ इंच, १३६६ बाय ७६८, वर एक्सएफसीई (लिनक्सचा हलका डेस्कटॉप). मी संध्याकाळी मराठी विकिस्रोतावर (जुन्या पुस्तकांचं मुक्त ऑनलाइन ग्रंथालय) मुद्रितशोधन करते. तिथे जुन्या पुस्तकाच्या पानाचा स्कॅन आणि टाइप केलेला मजकूर असं शेजारी शेजारी असतं, आणि १३६६ चे दोन भाग केले की एकेकाला ६८३ पिक्सेल येतात. त्यात स्कॅन वाचायला मोठा केला की तो कडेने कापला जातो आणि मजकुराच्या चौकटीत चार शब्दांवर ओळ तुटते, मग मूळ ओळ आणि टाइप केलेली ओळ जुळवताना डोळा सारखा हरवतो. जागा हवी होती, बाकी काही नाही.

या मॉडेलला फुल एचडी पॅनल बसवायची मॉड (घरगुती फेरफार) आहे हे तुम्हाला माहीतच आहे, डॉकचा, म्हणजे लॅपटॉप ज्या ठोकळ्यावर बसवून बाहेरचा मॉनिटर वगैरे जोडतात त्याचा, डिस्प्लेपोर्ट आत वळवून घ्यायचा. पण मदरबोर्डवर सोल्डरिंग करायची माझी तयारी नाही आणि डॉक मला लागतो. म्हणून सॉफ्टवेअरने जेवढं होईल तेवढं.

सुरुवात केली साध्या गोष्टींनी, आणि ज्यांना फक्त अक्षर लहान करून भागणार आहे त्यांनी इथेच थांबा असं मी मनापासून सांगेन. अपिअरन्स सेटिंगमध्ये फाँटचा डीपीआय (इंचाला किती पिक्सेल धरायचे तो आकडा) ९६ चा ८४ केला, डेस्कटॉपची टास्कबारची पट्टी एका बाजूला उभी लावली, फायरफॉक्समध्ये झूम ८० टक्के. यात पिक्सेल खरेच राहतात, अक्षर काढतानाच लहान काढलं जातं, त्यामुळे धूसरपणा शून्य. अडतं कुठे, तर ज्या प्रोग्रॅमच्या खिडक्या ठरलेल्या मापाच्या असतात तिथे. स्कॅन साफ करायच्या एका प्रोग्रॅमची सेटिंगची खिडकी ७६८ पेक्षा उंच आहे, तिचं ओकेचं बटण स्क्रीनच्या खालीच जातं, दर वेळी ऑल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढायची. तिथे डीपीआय काही करू शकत नाही, तिथे सगळी स्क्रीनच मोठी आहे असं मशीनला सांगावं लागतं.

ते सांगायचं एक्सरँडरने, म्हणजे लिनक्सवर स्क्रीनची मापं बदलायच्या कमांडने. आउटपुटचं नाव (माझं एलव्हीडीएस-१, इंटेलचा जुना ड्रायव्हर असेल तर मधला डॅश नसतो), मग डबल डॅश स्केल आणि आकडा. इथे बरेच जण उलटे जातात: एकपेक्षा मोठा आकडा दिला की सगळं लहान दिसतं, कारण तो आकडा आभासी स्क्रीन किती पट मोठी करायची ते सांगतो आणि मग ती सगळी त्याच पॅनलवर दाबून बसवली जाते. माझ्याकडे पहिल्यांदा माउसचा बाण जुन्या १३६६ बाय ७६८ च्या चौकटीतच अडकला होता, त्याच कमांडच्या पॅनिंग या पर्यायाला (बाण कुठवर फिरू शकतो ते क्षेत्र) नवा आकार दिल्यावर सुटला. आणि प्रयोग करताना आधी कमांडची एक ओळ लिहून ठेवा की वीस सेकंदांनी स्केल परत १ होईल, म्हणजे स्क्रीन काळी झाली तरी घाबरायला नको.

हुरूप होता म्हणून थेट १९२० बाय १०८० लावलं. हिशोब केला तर पॅनलवर १०,४९,०८८ पिक्सेल आहेत आणि मी त्यात २०,७३,६०० कोंबतेय, म्हणजे जवळजवळ दोनाचा एक. इंग्रजी मेनू वाचता येत होते, आणि पहिली दहा मिनिटं मी खूश होते. मग विकिस्रोत उघडलं. ध आणि घ एकच. भ आणि म एकच, कारण दोन्हींत फरक करणारी शिरोरेखेतली ती छोटी फट भरून गेली. ‘सर्वांत’ मधला रफार आणि अनुस्वार मिळून एक करडा ठिपका. मुद्रितशोधनाला बसलेल्या माणसाला हे कसं चालेल? शेजारी बसलेल्या आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘अगं डोळे जातील तुझे, हे वाचतेस तरी कसं?’ बरोबर होतं तिचं, त्याच रात्री काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी १६०० बाय ९००. हे छान वाटलं, दोन दिवस वापरलं, पण काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग फाँट मुक्त (मुंबईच्या एक टाइपचा, मला स्क्रीनसाठी सगळ्यात आवडतो), १६ पिक्सेल, ओळीची उंची २५ पिक्सेल असं एक साधं पान बनवलं, त्यात वीस वेळा तेच वाक्य टाकलं आणि भिंग घेऊन बसले. दिसलं ते असं की शिरोरेखा सगळ्या ओळींना सारखी नाही. एका ओळीत काळी आणि बारीक, पुढच्या दोन ओळींत जाड आणि फिकट, चौथीला परत काळी. दर तीन ओळींनी तोच क्रम.

कारण सापडलं तेव्हा फार बरं वाटलं. ९०० भागिले ७६८ म्हणजे ७५ भागिले ६४. म्हणजे पिक्सेलच्या आभासी ७५ रांगांच्या खऱ्या ६४ होतात. माझी ओळ २५ रांगांची, तिच्या खऱ्या रांगा होतात २१ आणि वर एक तृतीयांश. तो एक तृतीयांश प्रत्येक ओळीला साचत जातो आणि तिसऱ्या ओळीनंतर पूर्ण होतो. रोमन अक्षरात हे इतकं डोळ्यांत भरत नाही, पण आपल्याकडे प्रत्येक शब्दावर आडवी रेघ आहे आणि ती जेमतेम एक पिक्सेल जाड, त्यामुळे सगळं पान पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं.

मग वाटलं, आकडा असा घ्यावा की ओळीची उंची त्यात पूर्ण बसेल. १.२५ म्हणजे ५ भागिले ४. पाच रांगांच्या चार. २५ ची ओळ बरोबर २० खऱ्या रांगांची, शिल्लक काहीच नाही! आभासी स्क्रीन १७०८ बाय ९६० होते, म्हणजे अर्ध्या भागाला ६८३ ऐवजी ८५४ पिक्सेल. लावलं, पान उघडलं, आणि वीसच्या वीस ओळींची शिरोरेखा एकसारखी.

फक्त सारखी म्हणजे चांगलीच असं नाही. पान स्क्रोल केलं तर कधी सगळ्या शिरोरेखा ठसठशीत, कधी सगळ्या पुसट. याचाही हिशोब कागदावर मांडला. आभासी स्क्रीन पॅनलवर दाबून बसवायचं काम बायलिनिअर फिल्टर करतो, तो शेजारच्या दोन रांगांचं मिश्रण करतो. पाच रांगांच्या गटात पहिली किंवा पाचवी रांग असेल तर तिची ८७.५ टक्के शाई एकाच खऱ्या रांगेत जाते, रेघ कडक दिसते. दुसरी आणि चौथी ठीकठाक. पण शिरोरेखा बरोबर मधल्या रांगेवर आली तर तिचे दोन तुकडे होतात, दोन रांगा आणि प्रत्येकीत ३७.५ टक्के, म्हणजे काळी रेघ जाऊन दोन करड्या रेघा. त्यामुळे मजकुराची चौकट वर-खाली एखादा पिक्सेल हलवली की फरक पडतो, आणि ती एकदा नीट बसवली की रोज तशीच राहते. विकिस्रोतावर आपल्या सदस्यपानाखाली सीएसएस (पान कसं दिसावं ते ठरवणारा कोड) ठेवता येतं, तिथे संपादन चौकटीला १६ चा फाँट, २५ ची ओळ आणि वर दोन पिक्सेल जास्तीचं पॅडिंग (मोकळी जागा) दिलंय. तेवढ्यावर काम झालं.

नीअरेस्ट फिल्टरपण करून बघितला, कारण कुणीतरी मला तो जास्त धारदार असतो असं सांगितलं होतं. तो मिश्रण करतच नाही, दर पाचातली मधली रांग सरळ गाळतो. शिरोरेखा त्या रांगेत आली की गायब, आणि ओळीच्या ओळी लांबून गुजराती वाटायला लागतात. मराठीसाठी वापरू नका.

फाँट सेटिंगमध्ये दोन बदल मात्र जरूर करा. सबपिक्सेल रेंडरिंग (पिक्सेलच्या तीन रंगपट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षर रेखीव करणं) बंद करून साधं ग्रेस्केल (फक्त करड्या छटा) ठेवा, कारण आभासी पिक्सेल आता पॅनलच्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांवर बसत नाही आणि काने-वेलांट्यांच्या कडेला जांभळी-हिरवी झाक येते. मला आधी वाटलं पॅनलच खराब झालंय. आणि हिंटिंग (अक्षराचा आकार पिक्सेलना जुळवून घेणं) स्लाइट ठेवा, ते उभ्या दिशेने अक्षर रांगेवर बसवतं म्हणजे शिरोरेखा एका पूर्ण रांगेत येते, वरचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

त्रास काय आहेत, तर व्हिडिओत आडवी फाट दिसते, विशेषतः कॅमेरा सरकताना. झोपवून उठवलं किंवा डॉकमधून काढलं की कधी कधी स्केल परत १ होतं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट केली आणि सुपर-एफ७ ला बांधली, दाबलं की १.२५, परत दाबलं की मूळ. सिनेमा बघताना आणि नुसतं वाचताना मी मूळवरच असते, मुद्रितशोधन आणि स्कॅनच्या कामाला १.२५. दिवसभर ठेवायची ही गोष्ट नाही असं माझं मत झालंय.

आता काल रात्रीचं. लिब्रेऑफिसमध्ये ९६ डीपीआय धरला तर २५ पिक्सेलची ओळ म्हणजे १८.७५ पॉइंट, आणि तिथे तो आकडा नेमका बसत नाही, १८.८ होतो आणि पान उतरता उतरता परत पट्टे दिसायला लागतात. पण १८ पॉइंट म्हणजे बरोबर २४ पिक्सेल, आणि २४ ला ४ ने भाग जातो, मग स्केल ४ भागिले ३ का नको? उंची १०२४ होते, ओळ खऱ्या १८ रांगांची. कागदावर मांडलं तर आणखी एक गोष्ट निघाली: चार रांगांच्या तीन करताना मधोमध अशी रांगच नसते, त्यामुळे शिरोरेखेचे दोन सारखे करडे तुकडे कधीच होत नाहीत, सगळ्यात वाईट वेळीसुद्धा ५० आणि १७ टक्के अशी वाटणी होते. म्हणजे अक्षर १.२५ पेक्षा लहान, पण रेघ जास्त भरवशाची. बारा पॉइंटमध्ये अर्धा तास काम केलं, ध आणि घ वेगळे कळले, भ आणि म कळले, ‘वर्षांच्या’ मधला रफारावरचा अनुस्वार मात्र तीनदा वाकून बघावा लागला. आज तेरा पॉइंट लावून बघते.