बीपीचा पट्टा

गुहागरजवळच्या आमच्या वाडीला डॉक्टर एकच. सासूबाईंची दोन्ही बाळंतपणं त्यांनी घरीच केली, त्यातलं एक वीज गेलेली असताना. माझ्या वेळी, २०१६ साली, मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाळंतपण मी करणार नाही हां. चिपळूणला नाव नोंदव. पण तपासायला माझ्याकडे यायचं."

दर खेपेला वजन, लघवी, बीपी. लोहाच्या गोळ्यांनी पोट बांधतं म्हणून मी त्या गुपचूप टाकत होते. त्यांनी नुसती पापणी खाली ओढली नि विचारलं, "किती टाकल्यास?" वर चहाबरोबर न घेण्याची ताकीद. (चहा सोडणं गोळ्यांपेक्षा कठीण.)

नवव्याच्या तोंडावर पाय सुजले. असतेच सूज, असं सगळे म्हणाले, मीही. डोकं दुखतंय हे तर त्यांनी विचारलं तेव्हा आठवलं. बीपी १५०/१००. पंधरा मिनिटं बसवून परत मोजलं, तेवढंच. लघवीत प्रथिनं. लगेच १०८ ला फोन आणि माझ्या हातात चिठ्ठी, तिच्यात तिसऱ्या महिन्यापासूनचे बीपीचे सगळे आकडे. चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तीच वाचली. एरवी ११०/७० असणारी बाई आहे, हे त्यांना मला न विचारता कळलं.

३७व्या आठवड्यात मुलगी झाली, दोन किलो तीनशे ग्रॅमची.

दीड महिन्याने तिला डॉक्टरांना दाखवायला नेली. तिच्याकडे बघायच्या आधी त्यांनी माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला.