एकात दोन

मित्राबरोबर टपरीवर गेलो आणि सवयीने म्हणालो, "एकात दोन कर." टपरीवाल्याने बोटभर उंचीचे दोन कागदी कप पुढे केले. काचेचे ग्लास मागे पालथे पडले होते. करोनापासून गिऱ्हाईकच कागदी कप मागतं, म्हणाला. त्या कपात चहा सुरू व्हायच्या आत संपतो आणि शेवटच्या घोटाला पुठ्ठ्याची चव येते. असो.

आमच्या घरी चहा बशीतच. आजोबा फुंकर मारत, साय बोटाने बाजूला सारत, दोन घोट घेत आणि बशी माझ्याकडे सरकवत. मिशी बुडालेली ती बशी मी बिनदिक्कत तोंडाला लावायचो. पाण्याच्या तांब्याला मात्र ओठ लागला की आजी खवळायची. वरून पिताना निम्मं पाणी सदऱ्यात जायचं, पण उष्टं नाही ना झालं! चहाला उष्ट्याखरकट्यातून सूट कुणी दिली, देव जाणे.

2020 च्या मार्चमध्ये अर्जेंटिनात सरकारनेच सांगितलं, माते, म्हणजे तिकडचा पाल्याचा चहा, एकमेकांत फिरवू नका. एकच भांडं, एकच धातूची नळी, सगळ्यांनी आळीपाळीने ओढायची, ही त्यांची बैठक. ती मोडल्यावर तिकडे हळहळ झाली. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याच दिवसांत छात्या फुगल्या होत्या. वरून पाणी पिणारे आपले पूर्वज बघा कसे शास्त्रीय!

मला ओट्याखालचा कप आठवला. कान तुटलेला. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा. चहा झाला की त्या तो स्वतः विसळून तिथेच पालथा घालायच्या. आजीच्या बशीत त्यांना चहा मिळाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा कुठला विषाणू होता? आणि वरून पाणी वाढायची पद्धत गावोगाव कुणाच्या ओंजळीसाठी होती, हे काय ग्रुपवर कुणाला ठाऊक नव्हतं? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि हजारो माणसं पाणी प्यायली, तर मागाहून गावाने शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी जोडलेले हात टाकले आणि पाठोपाठ काढ्याची कृती.