स्टेपलर की टाके? माझ्या सुंतेचा अनुभव

रक्तातली साखर वाढलेली असली की शिश्नाच्या पुढच्या कातडीला बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. बारीक चिरा पडतात आणि त्या भरताना कातडी आवळत जाते. चाळिशीनंतर माझं तेच झालं. कातडी मागे सरकेना, लघवीची धार फाटायला लागली. नागपुरात धंतोलीतल्या युरॉलॉजिस्टनी (मूत्रविकारतज्ज्ञांनी) आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासायला लावलं; साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणाले. मलमाने फरक पडला नाही, म्हणून सुंता करायचं ठरलं.

आईचा प्रश्न होता, "हे आपल्यात कुठं करतात?" बायकोने तिला समजावलं, "आई, लघवी तुंबली तर किडनीवर येईल, म्हणून करायचं."

मी स्टेपलरचं मनाशी धरून गेलो होतो. त्यात शिश्नमुंडावर घंटेसारखं टोपण बसवतात. यंत्राची मूठ दाबली की गोल पातं कातडी कापतं आणि त्याच दाबात पिना बसतात. वेळ कमी लागतो, रक्तही कमी जातं. पिना पुढच्या काही आठवड्यांत गळतात, एखादी रुतली तर काढावी लागते. शांग रिंग नावाचं चीनमधलं साधनही आहे. त्यात कातडी दोन कड्यांच्या मध्ये दाबून कापतात आणि कडी साधारण आठवडाभर तशीच ठेवतात. आफ्रिकेतल्या एचआयव्ही प्रतिबंध मोहिमांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तिला मान्यता दिली.

पण डॉक्टरांनी माझी पांढरट, कडक कातडी दाखवून सांगितलं, "टोपण आत जाणारच नाही, आधी वरून चीर द्यावी लागेल. त्यात जाडी सारखी नाही, पिना नीट धरणार नाहीत." मला ते पटलं. त्यांनी हातानेच, दोन गोल छेद घेऊन मधली पट्टी काढली आणि विरघळणारे टाके घातले. मुळाशी भुलीची इंजेक्शनं देताना झोंबलं, नंतर फक्त ओढल्यासारखं जाणवत होतं.

खरा त्रास रात्रीचा. झोपेत ताठरता आली की टाके ताणतात आणि जाग येते. निजण्याआधी लघवीला जाऊन यायचं आणि उठून चार पावलं चालायचं, याने बरं वाटे. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने पट्टी ओली होई, म्हणून सैल सुती लुंगी आणि कूलरसमोर बसणं. गाडी चालवणं काही दिवस बंद, संबंध सहा आठवडे बंद.

काढलेली कातडी बायोप्सीला पाठवायचा आग्रह डॉक्टरांचाच होता, आणि तो फार मोलाचा ठरला. रिपोर्टमध्ये लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडी पांढरट आणि कडक करणारा आजार, निघाला. हा आजार लघवीचं तोंडही अरुंद करू शकतो, म्हणून धार बारीक झाली तर लगेच यायला सांगितलंय. साखरेच्या गोळ्यांबरोबर आता ही तपासणीही चालू आहे.