असईची लढाई अकरा महिन्यांनी पुढे सरकली

गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसात आमच्या गल्लीतील डीपीवर वीज कोसळली आणि माझा संगणक बंद पडला, तो यंदाच्या वैशाखात सुरू झाला. दुरुस्तीवाल्याने आधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलला, मग रॅम बदलून पाहिली आणि तीन महिने संगणक दुकानात ठेवून घेतल्यावर मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. तो जुना मदरबोर्ड जालन्यात कुठेच मिळेना. नवा घ्यायचा तर प्रोसेसरही बदलावा लागणार होता आणि सोयाबीनचे पैसे अजून हाती यायचे होते. अखेर छत्रपती संभाजीनगरला एक वापरलेला मदरबोर्ड मिळाला.

या काळात बाकीची कामे मोबाइलवर भागली, पण आमची लढाई भागली नाही. आम्ही दोघे जुन्या लढाईचा पटावरचा खेळ व्हॅसल या मोफत, मुक्तस्रोत संगणक प्रोग्रामवर खेळतो. पडद्यावर षट्कोनी घरांचा नकाशा उघडतो, त्यावर पलटणींच्या सोंगट्या माउसने हलवायच्या आणि फासेही तिथेच टाकायचे. प्रत्येक हालचाल लॉग फाइलमध्ये नोंदली जाते. ती फाइल लहान असते, त्यामुळे नेट रखडत असले तरी ईमेलने सहज जाते. मात्र हा प्रोग्राम जावा या संगणकी भाषेवर चालतो आणि मोबाइलवर चालत नाही.

माझे प्रतिस्पर्धी नागपूरचे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही खेळतो तो असईचा नकाशा मी स्वतः तयार केला आहे. असई आमच्याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेला भिडली. नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही असे वाटाडे सांगत असताना, समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असणारच, हे वेलस्लीने ओळखले, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यापुढचा क्षण अधिक मोलाचा वाटतो. इंग्रज बगलेवर उतरताहेत हे दिसताच पोलमान या शिंद्यांच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणींनी आपली सगळी रांग फिरवली आणि एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत नवी फळी उभी केली. शत्रू समोर असताना तोफांसह अशी रांग फिरवणे हे पक्क्या कवायतीचे काम आहे, आणि त्याचे श्रेय त्या शिपायांना आपल्याकडे पुरेसे दिले जात नाही. माझ्या पहिल्या नियमात तोंड फिरवायला पलटणीची पूर्ण खेळी जात असे. हा शिंद्यांच्या फौजेवर अन्याय आहे, असे गुरुजींनी सांगितले. ते बरोबर होते. आता निम्मी चाल खर्च होते.

हार्ड डिस्क वाचली, पण शेवटच्या दोन खेळ्यांच्या फाइली उघडल्या नाहीत. गुरुजींना फोन केला तेव्हा त्यांनी पहिल्या खेळीपासूनच्या सगळ्या फाइली जपून ठेवल्याचे कळले. त्या रात्री मी संपूर्ण लॉग पुन्हा चालवून पाहिला. एकेक बटण दाबावे तशी एकेक सोंगटी सरकत होती आणि मागच्या जेठातला माझा विचार माझ्यासमोर उलगडत होता: घोडदळ मागे का ठेवले, पिंपळगावच्या उतारावर मद्रासी पलटण का थांबवली. काही चालींचे कारण मला आठवले नाही. एके ठिकाणी गुरुजींनी लॉगमध्ये लिहिले होते, ‘तोफा भरून ठेवल्या आहेत, सावकाश या.’ ते वाचून मला भरून आले.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच चालीत मी नाला ओलांडण्याचा दुप्पट खर्च विसरलो. गुरुजींनी फाइल परत पाठवली आणि चाल पुन्हा करू दिली. सध्या माझ्याकडच्या इंग्रजांच्या ७४व्या पलटणीची सोंगटी असई गावापासून दोन घरांवर आहे. प्रत्यक्ष लढाईतही ही पलटण गावाकडे भरकटली आणि तिथल्या तोफांनी तिची अतोनात हानी केली. इंग्रजांचे त्या दिवशी मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांहून अधिक सैनिक गेले. मी ती सोंगटी केळणेच्या बाजूला वळवली, घोडदळ तिच्या डाव्या अंगाला आणले आणि रविवारी रात्री फाइल पाठवली. तोफांचे फासे आता गुरुजी टाकतील.