धुराड्याची ओढ

घर आवडलं तेच मुळी फायरप्लेसमुळे. छप्पर कुठे गळतं, नळाला पाणी किती जोरात येतं, हे बघायच्या आधीच मी त्या विटांच्या कोनाड्यासमोर उभी राहून मनातल्या मनात खुर्च्या मांडून टाकल्या होत्या. खरं तर आमच्याकडे कडाक्याची थंडी पडतच नाही. हिवाळ्यात रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी पुन्हा १९-२० वर येतो. पण हवेत ओल इतकी, की अंथरूण हाताला गार लागतं, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते आणि वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ‘जवळजवळ’ वाळलेलाच असतो. ही थंडी बोचत नाही, मुरते.

राहायला आल्यावर पहिल्याच शनिवारी आग पेटवली. मागच्या अंगणात तोडलेल्या झाडाचे ओंडके प्लास्टिकखाली पडून होते, ते आणले. खाली कागद, वर काटक्या, वर ओंडके, सगळं अगदी चित्रातल्यासारखं. काडी लावली आणि धूर वर जायचं नावच घेईना. गुंडाळी उलगडावी तसा तो कोनाड्याच्या वरच्या काठावरून आत आला, छताला टेकला आणि खाली उतरायला लागला. सासूबाई खोकत बाहेर गेल्या. नवरा ओरडला, “अगं, दार उघड!” दार उघडल्याबरोबर धूर मुकाट्याने धुराड्यात शिरला. कसा काय, ते तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नाही.

ते समजावलं धुराडी साफ करणाऱ्या गृहस्थांनी. त्यांनी पेटवलेला कागद धुराड्याच्या गळ्याशी धरला, ज्योत खोलीच्या दिशेने झुकली. म्हणाले, “हवा उलटी उतरतेय, ताई. धुराडं गार आहे. आणि आत कुठेतरी पंखा चालू असणार.” स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट खरोखरच चालू होता. तो घरातली हवा बाहेर फेकत होता आणि घर तिची भरपाई जिथून मिळेल तिथून, म्हणजे धुराड्यातूनच, करत होतं. दार उघडलं तेव्हा त्याला सोपी वाट मिळाली.

पण मुख्य कारण हवामान. धुराड्याची ओढ, म्हणजे धूर वर खेचणारा जोर, तयार होते आतल्या गरम आणि बाहेरच्या गार हवेच्या वजनातल्या फरकामुळे. आमचं धुराडं साधारण ५ मीटरचं. ते खोलीइतकंच, म्हणजे २० अंशांवर असेल आणि बाहेर १५ अंश असतील, तर ओढ भरते जेमतेम १ पास्कल (पास्कल हे दाबाचं माप). बाहेर शून्य अंश असते तर याच धुराड्यात ती चौपट झाली असती. थंड देशातली माणसं काडी लावून निवांत बसतात आणि आमच्यासारख्यांच्या डोळ्यांत धूर जातो, तो यामुळे. उपाय साधा आहे: पंखे बंद करायचे, एक खिडकी बोटभर उघडायची आणि जळता कागद मिनिटभर गळ्याशी धरून धुराड्याला आधी ऊब द्यायची.

पुढच्या वेळी तसं केलं आणि आग सुरेख पेटली. तासभर मी हरखून बघत बसले. मग पाणी आणायला आतल्या खोलीत गेले तर तिथे नेहमीपेक्षा जास्त गार. दुसऱ्या दिवशी तापमान आणि आर्द्रता दाखवणारी दोन छोटी यंत्रं आणली, एक बैठकीत, एक आत. दोन तास आग पेटल्यावर बैठकीत दीड अंश वाढ, आतल्या खोलीत एक अंश घट! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातली फार तर १० ते २० टक्के ऊब खोलीला मिळते. बाकीची धुराड्यातून जाते आणि जाताना खोलीतली हवाही ओढून नेते. तिच्या जागी फटीफटीतून बाहेरची ओली हवा घरात येते. आम्ही लाकडं जाळून घरात ओल ओढून आणत होतो.

त्या क्षणी प्रश्न बदलला, असं आता वाटतं. तोवर मी ‘किती ऊब देईल?’ हेच विचारत होते. आता प्रत्येक पर्यायाला ‘पाण्याचं काय करणार?’ हे विचारायला लागले.

धुराड्याची अवस्था वाईटच होती. वर टोपी नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं पाऊस सरळ आत. विटांना लोणा लागलेला, गळ्यातली लोखंडी झडप गंजून अर्धवट उघडी अडकलेली. पावसाळ्यात भिजलेल्या काजळीचा वास घरभर पसरायचा, विझलेल्या चुलीवर पाणी ओतल्यावर येतो तसा. एका ओळखीच्यांनी सुचवलं, कोनाडाच बदला. १७९० च्या दशकात रमफर्ड नावाच्या माणसाने उथळ, बाजूच्या भिंती तिरक्या आणि गळा अरुंद असा कोनाडा सुचवला होता. त्यात ऊब खोलीकडे जास्त फेकली जाते. कल्पना हुशारीची आहे. पण आग शेवटी उघडीच राहते, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

मग आली काचेचं दार असलेली बंद लोखंडी शेगडी, जी जुन्या कोनाड्यात बसवता येते. ७० ते ८० टक्के ऊब खोलीत, हवा मोजून आत, धूर आणि वाफ धुराड्यातून बाहेर. नवऱ्याचं मन इथेच बसलं. अडचण दोन ठिकाणी होती. एक म्हणजे आकार. आमची बैठक सुमारे ६० घनमीटर. अशा खोलीला थंड प्रदेशात ४-५ किलोवॅटची शेगडी लागते, कारण तिथे बाहेर शून्य अंश असतात. आम्हाला पाच-सहा अंशच चढायचे, म्हणजे दीड किलोवॅटमध्ये काम व्हावं. एवढी लहान शेगडी आम्हाला कुठे दिसली नाही. मोठी घ्यायची आणि हवा कोंडून ती धुमसत ठेवायची, हा मार्ग सुचवणारे भेटले, पण तो सर्वांत वाईट. धुमसणारं लाकूड पूर्ण जळत नाही, काच काळी होते आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो. तोच पुढे पेट घेतो. सौम्य हवामानात शेगडी छोटी पडायची भीती नसतेच, मोठी पडायची असते.

दुसरी अडचण लाकडाची. शेगडीसाठी लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. त्यासाठी दोन सुया टोचून ओल दाखवणारं यंत्र घेतलं. (या सगळ्या खटाटोपातली माझी सर्वांत आवडती खरेदी. पुढचे कित्येक दिवस मी घरातल्या दारं-खिडक्यांना टोचत फिरत होते.) आमच्या ओंडक्यांचा आकडा आला ३१. फोडून, छपराखाली, हवा खेळेल असे रचून ठेवले. कमी होत होत आकडा २० च्या आसपास येऊन थबकला. लाकूड आजूबाजूच्या हवेशी तडजोड करतं. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर ते १६ टक्क्यांच्या खाली वाळत नाही आणि ९० असेल तर २० वरच अडतं. आमच्या पावसाळ्यात बाहेर ठेवलेलं लाकूड वाळण्याऐवजी पुन्हा ओल धरतं. भट्टीत वाळवलेलं विकत आणलं तरी ते घरातच ठेवायला हवं. त्यात ऐन ओल्या महिन्यांत शेगडी बंद, म्हणजे गंज. राख झाडून काढायची, कारण ती ओल शोषते आणि लोखंड खाते. आणि हवा खेळावी म्हणून दार किलकिलं ठेवायचं. हिवाळ्यातल्या चाळीसेक संध्याकाळींसाठी वर्षभराची चाकरी!

याच सुमारास आम्ही इथेनॉलवर जवळजवळ शिक्कामोर्तब केलं होतं. खरी ज्योत, राख नाही, धुराडं नाही. विक्रेत्याने तोंडभर हसून सांगितलं, “धूर नाही मॅडम, फक्त वाफ.” मी मान डोलावली, घरी आले आणि रात्री ते ‘फक्त वाफ’ डोक्यात खुपायला लागलं. शाळेतलं रसायनशास्त्र बाहेर काढलं. ४६ ग्रॅम इथेनॉल जळलं की ५४ ग्रॅम पाणी तयार होतं. एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे ७९० ग्रॅम. त्यातून ९०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी. आणि आमच्या ६० घनमीटर खोलीतली हवा २० अंशांना पूर्ण भिजली तरी तिच्यात सगळं मिळून एक लिटरच पाणी मावतं. दोन-तीन संध्याकाळी नव्हे, दोन-तीन तासांत आम्ही जवळपास तेवढं पाणी खोलीत ओतणार होतो. ते काचेवर, कोपऱ्यात, पुस्तकांच्या मागच्या भिंतीवर जाऊन बसणार. खिडकी उघडून घालवायचं, तर ऊबही तिच्यातूनच जाणार. शिवाय गरम बर्नरमध्ये पुन्हा इंधन ओतताना भडका उडून माणसं भाजतात. उजेडात ती ज्योत धड दिसतही नाही. सासूबाईंनी निकाल दिला, “घरात भिजून घ्यायला विस्तव कशाला हवा?”

गॅसचंही तेच गणित. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी. धुराड्याशिवाय जळणारा गॅसचा हीटर म्हणून लगेच बाद. तिथे कार्बन मोनॉक्साइडची धास्ती वेगळीच, त्याला ना रंग ना वास. मात्र बंद काचेमागे जळणारी, बाहेरचीच हवा घेऊन भिंतीतल्या दुपदरी नळीतून सगळं बाहेर सोडणारी गॅसची फायरप्लेस मिळते. तिची वाफ घरात येत नाही. हिवाळा चार-पाच महिन्यांचा असता तर मी डोळे मिटून तीच घेतली असती. चाळीस संध्याकाळींसाठी भिंत फोडायचं आणि गॅसची लाइन ओढायचं जिवावर आलं.

राहिली विजेची, जिला मी सुरुवातीपासून नाक मुरडत होते. दुकानात दोन प्रकार पाहिले. एकात पडद्यावर दिव्यांची ज्योत. दुसऱ्यात पाण्याची टाकी आणि त्यातून उठणाऱ्या तुषारांवर उजेड पाडून केलेली ज्योत, दिसायला फारच देखणी. नवरा तिच्यासमोरून हलेना. मी टाकीकडे बोट दाखवलं. तो काय समजायचं ते समजला.

शेवटी दिव्यांचीच घेतली. त्यात १.५ किलोवॅटचा हीटर आहे आणि हीटर बंद ठेवून नुसती ज्योत चालू ठेवता येते. या एका बटणासाठी मी ती पुन्हा घेईन, कारण निम्म्या संध्याकाळी ऊब नकोच असते, समोर काहीतरी लवलवतंय एवढंच हवं असतं. दिवसाउजेडी ती खोटी दिसते. लाकूड तडतडल्याचा आवाज देते तो इतका कृत्रिम आहे की आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला. वीज गेली की काळी काच. आणि नुसती स्वस्त ऊब हवी असेल तर गरम हवेचा एसी तेवढ्याच विजेत तिप्पट ऊब देतो. पण एसीभोवती खुर्च्या कोण मांडतं?

सोबत हवेतली ओल खेचणारं यंत्र घेतलं, आणि खरा फरक त्याने पडला. हवेतली वाफ पाणी होताना ऊब सोडते, लिटरमागे सुमारे ०.७ युनिट विजेइतकी. यंत्राने खाल्लेली वीजही ऊब होऊनच खोलीत राहते. आर्द्रता ८० वरून ५८ वर आली तेव्हा १८ अंशांतही शाल लागेना.

धुराडं बंद करताना गवंडी ते वरून-खालून लिंपूनच टाकणार होता. त्याला अडवलं. आत कोंडलेली ओल भिंतीवर तपकिरी डाग होऊन बाहेर येते. वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली छोटी जाळी बसवली. पावसाळ्यात वास आला नाही.

ओंडके अजून मागच्या छपराखाली आहेत. कुणाला तरी देऊन टाकू म्हटलं की नवरा म्हणतो, “थांब, वाळतायत.” गेल्या रविवारी सुया टोचल्या. एकोणीस.